नवा फोन येईपर्यंत

प्रिय खारुटले,

हे शेवटपर्यंत वाच आणि मगच जागेवरून उठ. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायची तुझी खोड मला ठाऊक आहे, आज तेवढं करू नकोस. ओळीनं वाच. वेळ आहे. ज्यांनी हा कागद तुझ्या हातात दिला, त्यांच्याशी मी सगळं बोलून ठेवलंय.

आधी दुकानाची खबर. नवा फोन आला. तो आला की आमच्याकडे काय होतं, ते तुला वेगळं सांगायला नको. महिनाभर आधीपासून लोक चकरा मारायला लागतात, आता विकू की थांबू म्हणून. हुशार असतात ते नव्याची तारीख जाहीर व्हायच्या आत विकून मोकळे होतात. बाकीचे नवा हातात पडल्यावर जुना घेऊन येतात, तेही सगळे एकदम. मग तुझ्या भावोजींनी भाव सांगितला की असं तोंड करतात, जणू आम्हीच त्यांच्या फोनला म्हातारं केलं. वरचा एक फोन हलला की खालची सगळी उतरंड हलते. बँकेतल्या साहेबांचा शाळेतल्या बाईंकडे जातो, बाईंचा त्यांच्या भावाकडे, भावाचा आणखी कुणाकडे. काहीजण तर वर्षभर याच दिवसांवर डोळा ठेवून असतात. आमच्या टॅक्सीवाल्या काकांना नवा नकोच असतो, नव्यामुळे स्वस्त झालेला हवा असतो. ते येतात, काचेतून बघतात, आणखी थोडा उतरू द्या म्हणतात आणि जातात.

लग्नाआधी तू या दिवसांत आमच्याकडे यायचीस, काउंटरवर बसायचीस. तो कॉलेजचा मुलगा आठवतो? चांगला धडधाकट फोन विकायला आला होता. जुन्यात काय बिघडलं, असं तू विचारलंस तर म्हणाला, हँग होतो. तू पाच मिनिटं फोन चालवून बघितलास आणि त्याच्या हातात परत दिलास. "फोन ठणठणीत आहे, तुझंच मन हँग झालंय," असं म्हणालीस. तो हसत निघून गेला आणि हातचं गिऱ्हाईक घालवलंस म्हणून तुझे भावोजी दोन दिवस धुसफुसत होते. नवा आला त्या दिवशी तसाच एकजण आला. मला हसू फुटलं, तुला सांगावं म्हणून मी फोन उचलला, आणि मग आठवलं, तुझ्याकडे फोनच नाही.

म्हणजे यायचा आहे. उन्हाळ्यापासून यायचाच आहे. जुना हँग होत होता म्हणून जावईबापूंनी विकून टाकला, आता नवा बाजारात आला की थेट तोच घेऊ, मधे कशाला पैसे घालवायचे, असं ते मला म्हणाले होते. मला पटलं. आमचं पोट ज्यावर चालतं तीच गोष्ट होती ती. निम्मं गाव नवा येईपर्यंत थांबलेलं असतं, मग तू थांबलीस तर त्यात काय?

आता याच गर्दीतल्या एका दिवसाचं सांगते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी आपली मागच्या टेबलावर, फोन तपासत. एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड, रांगेतल्या आजोबांना आधी पुढे जाऊ दिलं. बायकोचा फोन विकायचाय, तिला नवा घेऊन चकित करायचंय, असं त्यानं सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या बायकांनी कौतुकानं बघितलं त्याच्याकडे. खोटं कशाला बोलू, मीही बघितलं.

फोन उघडायचा आकडा त्यानं टाकून दिला, पण आतल्या खात्याचा पासवर्ड त्याला येत नव्हता. तो टाकल्याशिवाय फोनमधलं सगळं पुसलं जात नाही आणि पुसल्याशिवाय आम्ही घेत नाही. तुमच्याकडे काहीतरी युक्ती असेलच, असं तो भावोजींना हळूच म्हणाला. भावोजींनी फोन माझ्याकडे सरकवला. बरेच दिवस बंद असावा, बॅटरी पार तळाला गेली होती. मी चार्जरला लावला. त्याच्या लक्षात आलं नव्हतं, पण आत सिम तसंच होतं.

आणि मेसेज यायला लागले. एकावर एक. दुसऱ्याच्या फोनमधलं वाचायचं नाही हा आपला नियम, पण ते माझ्या डोळ्यांपुढेच पडत होते. कुठे आहेस. कामावर का येत नाहीस. फोन का बंद. एका मैत्रिणीचे तर ओळीनं नुसते प्रश्नच. सगळ्यात शेवटचा आईचा होता. तो मला पाठ झालाय. "तुझ्या नावानं त्याच्या फोनवरून मेसेज येतात. तू मला अगं म्हणतेस, अहो आई कधी म्हणालीस? हे तू लिहीत नाहीस. तू कुठे आहेस?"

मी मान वर केली तर तो काचेपलीकडून माझ्याकडेच बघत होता. हसला. मीही हसले, काय करणार. बॅटरी तपासायला वेळ लागेल असं मी तिथूनच सांगितलं. तो म्हणाला, मला घाई आहे, भाव कमी लावा पण आटपा. नवा आल्यावर जुन्याला भाव मिळत नाही म्हणून दात-ओठ खाणारी माणसं आम्ही दिवसभर बघत होतो, आणि याला भावाचं काहीच नव्हतं. त्याला फक्त तो फोन नाहीसा व्हायला हवा होता.

मी फोन हातात धरूनच पुढे आले. मालकीणबाईंना आणा, त्यांनी पासवर्ड टाकला की लगेच घेतो, असं म्हटलं. तो म्हणाला, तिला बरं नाही, झोपून आहे. मी म्हटलं, मग तुमच्या फोनवरून घरी लावा, मी पासवर्ड विचारून घेते. तेव्हा त्याच्या आवाजातला गोडवा गेला. "ताई, तुम्हाला फोन घ्यायचाय की चौकशी करायचीय? आणा इकडे, दुकानं काय कमी आहेत?" त्यानं हात पुढे केला. रांगेतली माणसं माझ्याकडे वळली. भावोजींना काहीच माहीत नव्हतं, तेही माझ्याकडे बघायला लागले. फोन त्याचा नव्हता, पण माझाही नव्हता. कोणत्या हक्कानं धरून ठेवू?

तेवढ्यात माझ्या हातात फोन वाजला. पडद्यावर आई असं नाव. इतक्या दिवसांनी मेसेज पोचलेला दिसला असेल त्या बाईला. तो काउंटरवरून पुढे झुकला, त्याची बोटं माझ्या मनगटाला लागली. मी एक पाऊल मागे सरले आणि फोन उचलला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मी फोनच्या दुकानातून बोलतेय. हा फोन तुमचे जावई विकायला घेऊन आलेत. तुमची मुलगी कुठे आहे?"

तो उभ्या जागी पांढरा पडला. मग वळला, माणसांना ढकलत बाहेर गेला, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. सगळ्यात वाईट काय असेल, तर तो आवाज. कारण मला एकदम कळलं की आता तो घरी जाईल आणि तिथे ती एकटी आहे, आणि हे मी घडवून आणलंय. तिकडे आई दुसऱ्या गावाहून मला घराचा पत्ता सांगत होती आणि तिला धड बोलताही येत नव्हतं. भावोजींनी पोलिसांना फोन लावला. टॅक्सीवाले काका रांगेतच होते, काचेतला फोन हातात घेऊन बघत. त्यांनी तो खाली ठेवला आणि म्हणाले, "पत्ता सांगा. गाडी दारातच आहे." ते आणि भावोजी निघाले. मी दुकानात राहिले. गिऱ्हाइकं तशीच उभी, कुणी गेलं नाही, कुणी भाव विचारला नाही. फोन ठेवू नका, एवढंच ती आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी ठेवला नाही. आम्ही दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसलो.

ती जिवंत होती. हे आधी सांगायला हवं होतं, नाही का? दाराला बाहेरून कुलूप होतं. खिडकीतून तिनं भावोजींना पाहिलं, पण ते कोण हे तिला कळेना, म्हणून ती घाबरून आत सरकली. पोलीस आले, कुलूप तोडलं. एक हात सुजलेला होता, डॉक्टरांना दाखवलाच नव्हता. तो माणूस घरी गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी एका मित्राकडे सापडला. आता आत आहे.

मागच्या आठवड्यात ती आईबरोबर दुकानात आली, फोन घ्यायला. हात गळ्यात बांधलेला. मी तिला आत नेलं, चहा दिला. मग तीच बोलायला लागली. म्हणाली, फोन त्यानं हिसकावला नाही, तिनंच दिला. जुना हँग होतो, नवा येणार आहे, आत्ताच विकला तर चांगला भाव येईल, असं म्हणाला, आणि ते खरंच वाटलं. नवा येईपर्यंत माझा वापर, असं म्हणाला. मग त्याच्या फोनवर बोलताना तो शेजारी बसायला लागला. मग स्पीकर लावायला लागला. मग मेसेज तोच लिहायला लागला. नवा आला, तर आता रंग पसंत नाही. फोन विकलाही नव्हता, कपाटात कुलपात होता. आणि मग जे म्हणाली त्यानंतर मला झोप नाही. "कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. विचारत होते सगळे. पण त्याच्या कानासमोर."

खारुटले, मी तुला दर रविवारी विचारते, कशी आहेस? आणि दर वेळी स्पीकरवर तू म्हणतेस, मजेत. मागून जावईबापू म्हणतात, ती एकदम मजेत आहे. आपल्या आयुष्यात तू मजेत हा शब्द कधी वापरला नाहीस. तू पोटात दुखण्यापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळं सांगत सुटायचीस. आमच्याकडे कपाटं भरून फोन पडलेत, एक पाठवते म्हटलं, तर ते म्हणाले जुना कशाला. नवा आला, तर म्हणाले, याच्या पुढचा चांगला आहे असं ऐकलंय, त्याची वाट बघू. फोनचं दुकान असलेल्या बाईची सख्खी बहीण, आणि तिच्याकडे फोन नाही. आणि त्यांच्या फोनवरून तुझ्या नावानं जे मेसेज येतात, त्यात तू मला ताई म्हणतेस. जन्मात एकदा तरी ताई म्हणालीस का मला? तायडे, तायडे करून डोकं खायचीस.

कदाचित मी चुकत असेन. त्या बाईच्या प्रसंगानं माझं डोकं फिरलं असेल आणि जावईबापू अगदी सरळ माणूस असतील. तसं असेल तर पोटभर हस मला, आयुष्यभर चिडव. पण विचारायचं तर त्यांच्या माघारी, म्हणून ही खटपट. गेल्या रविवारी ते म्हणाले, तिचा दात दुखतोय, बोलवत नाही. कोणत्या डॉक्टरकडे दाखवताय, असं मी सहज विचारलं आणि त्यांनी सहज सांगितलं. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलंय, आजची वेळही त्यांनीच कळवली. आत फक्त पेशंट, असं त्यांनी बाहेर सांगितलंच आहे, आणि आत येऊन हा कागद तुला दिला. तू खुर्चीत आडवी होऊन वाचतेयस ना, त्या खोलीत उजव्या हाताला एक दार आहे. त्यामागे दातांचे साचे करायची खोली आहे. मी तिथे बसलेय. त्या खोलीतून मागचा जिना उतरतो, खाली तुझे भावोजी गाडीत आहेत. आज नको असेल तर कागद डॉक्टरबाईंकडे परत दे आणि दात दाखवून घरी जा. मी रागावणार नाही, पुन्हा विचारेन, पुन्हा पुन्हा विचारेन. आणि मी विचारतेय ते खरं असेल, तर काही लिहू नकोस, काही बोलू नकोस, पर्ससाठीही थांबू नकोस. उठ आणि ते दार ढकल. कडी मी काढून ठेवलीय.

तुझीच, श्वास रोखून बसलेली,
तायडी