सरांच्या जागेवरचं गवत

२४ जाने., शनि.
कॉलेजातून कल्पना मॅडम आल्या, सोबत बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची दोघं: रुखसार, ओंकार. बांधाजवळचा तो तुकडा दाखवला. आमचे हे प्राध्यापक असताना चार दगड रोवून राखलेला. आत गुरं नाहीत, विळा नाही. कोणतं गवत टिकतं, कोणतं हटतं, एवढंच बघायचं. हे गेल्यावर मॅडम बघतात. त्याही ह्यांच्याच विद्यार्थिनी. आता दर शनिवारी मुलं मोजणार.
ओंकारनं कुसळी गवताला पवन्या म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "तुला कोथिंबीर तरी ओळखू येते का रे?"
दिवसभर कुणी ना कुणी "सर म्हणायचे" म्हणत होतं. घरात ते दोन शब्द ऐकून किती दिवस झाले.

३१ जाने.
मुलं आली. रुखसार मारवेल गवताचं ठोंब बोटानं बाजूला सारून बघते, केस विंचरावेत तशी. हेही असंच. मी आत निघून आले.

३ फेब्रु., मंगळ.
दुपारी तुळजापूरहून परतले तर तुकडा लख्ख. एक काडी नाही. झाडून, पाणी शिंपडून वर गुलाबाच्या पाकळ्या. रुखसार एकटीच हात धूत होती.
"काकू, आज शबेबारात. आमी अब्बांच्या कबरीवरचं गवत काढतो. म्हटलं, सरांचं कोण काढतंय?"
ह्यांची राख नदीत सोडली. झाडायला जागाच कुठं ठेवली होती आम्ही.

४ फेब्रु.
मोजणीचं मागाहून ध्यानात आलं, तेव्हा रुखसारनं स्वतःच मॅडमना फोन केला होता. मॅडम धावत आल्या. "एवढ्या वर्षांचं काम, रुखसार! मुळासकट?" ओंकार मधेच म्हणाला, "गवतच हाय की मॅडम, परत येतंय." "तू गप! येईल, पण आधीच्या मोजणीला जोडता येणार न्हाय."
रुखसार म्हणाली, "माझं नाव काढा मॅडम." आणि फाट्याकडं चालायला लागली.
मग मॅडम मातीत बसून रडल्या. "काकू, सरांचं माझ्याकडं एवढंच होतं." माझ्याकडं तरी दुसरं काय आहे? म्हटलं नाही. पाठीवरून हात फिरवला.

६ फेब्रु.
मॅडमचा फोन. नव्यानं सुरू करायचं म्हणतात: रिकाम्या जागेत आधी काय उगवतं. "पण ज्यानं उपटलं त्यानंच मोजायचं. ती आली तर. न्हाय आली तर मी दगड काढते, काकू. मला एकटीला तिथं उभं राहवत नाही."
मी नळदुर्गला रुखसारच्या घरी फोन लावला. आई म्हणाली, "बोलतच नाय ओ कुणाशी. कॉलेजला बी गेली नाय. क्या करू?" म्हटलं, तिला फोन द्या. दिला. मी म्हटलं, "बाई, तू झाडलंस म्हणून मला काल तिथं बसता आलं. पहिल्यांदाच. ये उद्या."
"व्हय" म्हणाली नाही, "न्हाय"ही नाही.

७ फेब्रु., शनि.
मॅडम आणि ओंकार कधीचे येऊन दगडांपाशी थांबलेत. पाकळ्या वाळल्यात, एक मुंगी ओढून नेतेय.
नळदुर्गची एसटी आत्ता फाट्यावर थांबली. कोण उतरलं ते इथून दिसत नाही.