तीन घरांचा तक्ता

सोमवार, २ मार्च

ठरलं! दादाला फोनवर सांगून टाकलं: बाबांचं घर विकायचं की नाही, यावर आता भांडायचं नाही, मोजायचं. घर बघून गेलेल्या माणसाला पंधरा तारखेपर्यंत उत्तर हवंय. आई जाऊन दहा महिने झाले, बाबा जिन्यात पडले त्याला दोन. तेव्हापासून दोन दिवस आमच्याकडे, दोन दिवस दादाकडे, मग हट्टाने स्वतःच्या घरी. त्यांची पिशवी कधी रिकामी होतच नाही.

ऑफिसात मी पाण्याच्या टाक्यांच्या जागा ठरवते. पाच साहेब, पाच तोंडं, तरी निकाल लावते. एका वेळी दोनच गोष्टी समोर ठेवायच्या, यातली बरी कुठली? सगळ्या जोड्या झाल्या की क्रम लागतो. तीन घरांचं काय एवढं!

नवरा म्हणाला, "लग्नाआधी केला होतास असा तक्ता?" म्हटलं, केला होता, तू दुसरा आला होतास. मग भांडी त्यानेच घासली.

बुधवार, ४ मार्च

जेवणं झाल्यावर बाबांना आमच्या बाल्कनीत बसवून विचारलं: तुमचं घर की आमचं? "माझंच बरं गं." जिना, दवाखाना, सोबत, सगळं ऐकवून झालं. तरी माझंच! लिहून घेतलं.

शनिवार, ७ मार्च

दादाकडे गेले. वहिनीने बाबांसाठी खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवलीय, कुणाला बसू देत नाही. दादाचं घर की आमचं? बाबांनी आधी दार लोटायला लावलं. मग हळूच, "तुझ्याकडचं." मनातल्या मनात उडीच मारली!

रविवार, ८ मार्च

बाबांना त्यांच्या घरी सोडलं. धूळ झटकली, दूध तापवून ठेवलं. निघताना शेवटची जोडी: हे घर की दादाचं? "दादाकडे बरं पडेल." तेही लिहून घेतलं.

मंगळवार, १० मार्च

स्वतःचं घर आमच्याहून बरं, आमचं दादाच्याहून बरं, दादाचं स्वतःच्याहून बरं. फिरून तिथेच! ऑफिसात असा कागद आला की परत पाठवते: साहेब, मन लावून भरा. पण बाबांचं वय झालं, किती पिडायचं? त्यांचं एकच उत्तर उलटं केलं, पहिलं. लगेच गणित बसलं. खात्रीसाठी जिना, दवाखाना, सोबत, प्रत्येकाचं महत्त्व थोडं थोडं हलवून संगणकावर हजार वेळा मांडून पाहिलं. नऊशे बारा वेळा आमचंच घर पहिलं!

बुधवार, ११ मार्च

दादा तयार, वहिनी तयार. घर विकायचं. नेहमीप्रमाणे मीच बरोबर.

शुक्रवार, १३ मार्च

नव्या टाकीचे कागद आले, त्यातही तसाच घोळ. मी चिडले. मोजणीदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, विचारलंत कुठे उभं करून? टाकीच्या जागेवर उभं राहून विचारलं की ज्याला त्याला टाकी दुसरीकडेच बरी वाटते."

घरी येऊन आधी ही वही उघडली. आमच्या बाल्कनीत, दादाच्या खिडकीजवळ, स्वतःच्या घरात. बाबा ज्या घरात बसले होते तेच घर दर वेळी नको म्हणाले. उत्तरं चुकली नव्हती, आणि मी त्यातलं एक उलटं केलं! दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला फाडून खाल्लं असतं. फार लाज वाटली.

शनिवार, १४ मार्च

सकाळीच बाबांच्या घरी गेले, तक्ता न घेता. बाबांची पिशवी भरून दाराशी तयार. विचारलं, बाबा, जिथे बसता तिथून उठायचंच का म्हणता?

त्यांनी पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "दर वेळी वाटतं गं, तुझी आई दुसऱ्या घरी असेल."