बाबांची कंबरमोडी

दादा,

बाबांना घेऊन हॉस्पिटलात चाललेय. घाबरू नकोस, आणि फोनवर मला झापूही नकोस. पायाची जखम पुन्हा चिघळलीय. सकाळी पट्टी सोडली तर आत कंबरमोडीचा वाटलेला पाला. शुगरवाल्याच्या जखमेला असलं काही लावायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालं, माझं घसा कोरडा करून झालं. म्हणून तर मी अंगणातली सगळी कंबरमोडी उपटून टाकली होती. तर हे त्याच पायाने लंगडत गोदामाच्या भिंतीपर्यंत गेले आणि खिसा भरून घेऊन आले.

त्यांना तरी काय बोलणार? जन्मभर सुतारकाम केलं. पटाशी लागली की हाच पाला चुरगळून पिळायचा, रक्त थांबायचं आणि पुन्हा काम सुरू.

पायाचं बोट ठेवायचं की काढायचं, ते डॉक्टर आज सांगतील. बाबांचं एकच पालुपद चाललंय, "थोरल्याला बोलव. त्याचा अंगठा करवतीखाली गेला होता, तो याच पाल्याने भरून आला. डॉक्टरांना बघू दे."

जेवण झाकून ठेवलंय, दोन घास खाऊनच नीघ. नळापाशी एक रोप मुद्दाम परत लावलंय, त्यावर पाय देऊ नकोस. घरी आल्यावर त्यांना निदान तेवढं दिसू दे.

तुझा अंगठा बघून डॉक्टरांचं मत बदलणार नाही, हे मलाही कळतं. तरी बाबांसमोर दाखव.

धाकटी