गंगाजल आणि ब्रेकचा लाल दिवा

एडिसन,
कोजागिरी

ती. शोभनामावशीला,

गॅरेजच्या फरशीवरून चंदूचा साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः, हल्ली माझा मुक्काम गाडीखालीच असतो.) अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटच्या हवेत तुझे गुडघे कसे आहेत? अनीश म्हणतो, बरे आहेत. तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून मावशीच्या गुडघ्यांची चौकशी तिच्या लेकाकडे करावी लागते, याचं फार वाईट वाटतं.

सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या माझ्या गाडीत ब्रेक ऑइलच्या डबीत झाकणाला टांगलेला एक तरंगता गोळा आहे, हे तुला माहीत आहे, कारण तू इथे होतीस तेव्हा तो मी तुला रोज दाखवला. ऑइल कमी झालं की गोळा खाली जातो, वायर जुळते आणि समोर लाल दिवा लागतो. झाकण उचललं की गोळा लोंबकळतो, दिवा लागतो. झाकण बसवलं की विझतो. ही चाचणी मी पद्मिनीला दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली, पोस्टमनलाही सोडलं नाही. पद्मिनी फोनमध्ये बघत 'हो, छान' म्हणायची. (बायकोच ती.) तू एकटी स्टुलावर बसून नीट ऐकायचीस. मला वाटायचं, भाच्याचं कौतुक. तू चक्क शिकत होतीस!

मग दसरा उजाडला. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, श्रीरंगकाकांसकट मराठी मंडळातली माणसं जमलेली. पूजा झाली की पद्मिनीला शेजारी बसवून ओक ट्री रोडपर्यंत पहिली फेरी, असा बेत. मी किल्ली फिरवली आणि दिवा लागला तो विझेचना. अशा वेळी शहाण्या माणसाने ऑइल बघावं. मी वायर बघितली. (स्वतः जोडलेल्या वायरींवर माणसाचं पोटच्या पोरांसारखं प्रेम असतं.) दिव्याचंच डोकं फिरलंय असं सगळ्यांना ऐकवलं, अर्थिंगवर छोटंसं व्याख्यान झोडलं, वायरीला दोन टिचक्या मारल्या आणि मीटर आणायला आत गेलो. परत येतो तर दिवा विझलेला! मी लगेच टिचक्यांचं श्रेय घेऊन टाकलं. श्रीरंगकाका म्हणाले, "वा! इंजिनियर आहे बाबा!" तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, "अरे, डबीत कमी होतं. मी पूजेतलं गंगाजल घातलं."

ब्रेक ऑइलमध्ये पाणी गेलं की ब्रेक तापल्यावर त्याची वाफ होते आणि पाय दाबावा तो पोकळीत, हे खरंच. पण ते सांगायला एवढा आवाज चढवायची गरज नव्हती. 'कळत नाही तर हात कशाला लावतेस' हे चारचौघांत मावशीला म्हणायची तर मुळीच नव्हती. तू निरांजनाला हाताचा आडोसा करून ते आत नेलंस आणि दुसऱ्या दिवशी अनीशला तिकीट काढायला सांगितलंस. मला लाज वाटते, मावशी. सरळच लिहितो.

पद्मिनीचा नमस्कार. ती सध्या माझ्याशी कामापुरतं बोलते.

तुझा,
चंदू

ता. क. गंगाजल काढायला सगळं ऑइल उपसलं आणि गाडीखाली शिरलो, तर मागच्या चाकापाशी पाइपचा नट ओला. मी तो हाताने फिरवला होता, पान्याने आवळायचं राहूनच गेलं. म्हणजे ऑइल खरंच गळत होतं. दिवा खरं सांगत होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी तू एकटी. तू हात लावला नसतास तर मी दिव्याची वायर तोडली असती आणि पद्मिनीला शेजारी बसवून निघालो असतो. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तू परत आलीस की तुझ्यासमोर सांगेन, श्रीरंगकाकांनाही बोलावून.

पुन्हा ता. क. वरचं लिहून झाल्यावर राहवेना, म्हणून आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन पद्मिनीला सगळं सांगितलं. तिने मसाला दुधाखालचा गॅस बंद केला, आत गेली आणि बुकिंग करूनच बाहेर आली. शनिवारच्या विमानाने ती तुझ्याकडे येतेय. परतीचं तिकीट काढलेलं नाही. येताना तिला घेऊन ये, मावशी.