'मि.' म्हणजे मि.

३ तारीख.
आजपासून प्रत्येक आकडा तीनदा तपासायचा. चाळिशी उलटली, आता तरी शिस्त हवी. दादाचा नवा कृत्रिम पाय ज्या पट्टीचा होणार, तिच्या टेस्ट आज संपल्या. प्लास्टिकमध्ये कार्बनच्या धाग्यांचे थर. त्यात आधीच एक चीर ठेवायची आणि थर ओढून वेगळे करायचे, एकदा सावकाश, एकदा झटक्याने. दोन्हीला ताकद जवळपास सारखीच! वेगाने फरक पडत नाही. ऑपरेटर बाईंनी फॉर्म भरताना विचारलं होतं, "सर, वेग १०० मि. म्हणजे?" मी म्हणालो, "मि. म्हणजे मि.!" जरा चिडूनच. उद्या गोड बोलायचं.
रिपोर्ट दिला. दादाला फोन केला, बिनधास्त पळ म्हटलं. तो म्हणाला, "पन्नाशीत पळू कुठे? तुझी वहिनी मागे लागली तरच."

९ तारीख.
दादाला पाय मिळाला. वहिनी सांगत होत्या, दोन-दोन पायऱ्या चढतोय. माझा रिपोर्ट वाचूनच घातला म्हणे. ऊर भरून आला.

१४ तारीख, सकाळ.
'१०० मि.'मधला माझा 'मि.' होता मिलिमीटर, दर सेकंदाला. बाईंनी वाचलं मिनिट, म्हणजे १०० मिलिमीटर दर मिनिटाला. म्हणजे माझा 'झटका' हव्या त्या वेगाच्या साठाव्या भागाचा. पुन्हा टेस्ट घेतली. सावकाश ओढलं की प्लास्टिक ताणलं जातं, चीर रांगत पुढे जाते. झटक्याने ओढलं की टक्! ताकद जवळजवळ निम्मी.
दादाला आजच सांगायचं.

१४ तारीख, संध्याकाळ.
सांगितलं नाही. त्याला बीपी आहे, एकदम कसं सांगणार? भार सावकाश दिलेला बरा, हे तर मीच आज सिद्ध केलं.

१५ तारीख.
दादा मुळातच संथ. लहानपणी दूध आणायला पाठवला की दूध नासूनच घरी यायचं. तो कसला झटका देतोय पायाला. तरी उद्या नक्की.

१६ तारीख.
साहेबांनी सुधारित रिपोर्ट मागितला. 'वेग वाढल्यास ताकद कमी होते' असं लिहिलं. फार कठोर वाटलं. 'किंचित कमी' केलं. किंचित म्हणजे निम्मी होऊ शकते का? विचार करतोय. बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या मसुद्यापेक्षा चीर लवकर पुढे सरकते."

१७ तारीख, सकाळी ९.१०.
फोन केला! पूर्ण रिंग वाजली, दादाने उचलला नाही. आता दोष माझा एकट्याचा नाही.

१९ तारीख.
तीनदा फोन. तिन्ही वेळा वहिनींनी उचलला. दादा बाथरूममध्ये. इतका वेळ? सख्खा भाऊ टाळतोय, मन खट्टू झालं. ही म्हणाली, "जाऊन या ना, दहा मिनिटांवर तर घर आहे." विषय तेवढा सोपा नाही, हे हिला कळत नाही.

२२ तारीख.
मनाची तयारी चालू आहे. मसुदा पाचवा. 'किंचित' काढला. परत घातला.

२४ तारीख.
गेलो. दादा जुना पाय लावून बसला होता, मनगट प्लास्टरमध्ये. वहिनी पाणी ठेवून आत गेल्या त्या आल्याच नाहीत. पाठ करून नेलेलं पहिलं वाक्य म्हणायच्या आत दादाच म्हणाला, "पट्टी तुटली रे. तू इतका खूश होतास, सांगवेना. सावकाश सांगणार होतो. तुला काही एकदम सांगितलं की तू मोडतोस."
मग मी मि.चं सगळं सांगितलं. तो हसला, मग मनगट दुखलं म्हणून थांबला.
कधी तुटली, विचारलं. सतराला, सकाळी नऊच्या सुमारास. फोन वाजला म्हणून झटकन उठायला गेला.
कुणाचा फोन, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
घरी न जाता लॅबमध्ये आलो. 'किंचित' खोडला. रिपोर्ट पाठवला.