रजिस्टरात लिहिलेली चूक

गुरुवार, संध्याकाळ. जळोची.

आज जीव भांड्यात पडला. दीड महिना एकच वाक्य डोक्यात घोळत होतं. कारखान्यात साखळीत हात सापडून डाव्या अनामिकेचं एक पेर गेलं, तेव्हा अपघात रजिस्टरात मीच वळणदार अक्षरात लिहिलं: 'दुपारी चार वाजून दहा मिनिटे, दोन नंबरचा कन्व्हेअर, चूक माझी.' कुणी सांगितलं होतं? पण अर्धवट नोंद मला चालत नाही. नंतर आमचा ठेकेदार म्हणाला, "तात्या, तुमीच लिवलंय. आता भरपाई कसली मागताय?"

आज बारामतीत वकीलबाईंना भेटलो. त्यांनी विचारलं, "दारू प्यायला होतात? यंत्राची संरक्षक जाळी मुद्दाम काढली होती?"

नाही म्हटलं.

"मग नुसत्या चुकीनं हक्क जात नाही. उलट, त्या वेळी तुम्ही कामावर होतात हे या नोंदीतूनच दिसतं."

म्हणजे 'चूक माझी' लिहूनही दावा उभा राहतो.

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणाली, "चूक माझी, आसं तुमी लिवलं? घरात तर एकदा बी म्हणला न्हाय."

खरं आहे तिचं. पण ते इथंच, या वहीत लिहून ठेवतो.