बिनआवाजी बिजागरी

कांजूरमार्ग,
१५ जून २०२५

चि. उत्तरा हिस,
सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद.

आधी हिशेब. लॅपटॉप एकतीस हजार, रिक्षा येऊन-जाऊन तीनशे, तिघांचा उसाचा रस साठ. पिशवी आणि माऊस दुकानदाराकडून फुकट काढले. तू ज्याच्यावर अडून बसली होतीस तो धातूच्या अंगाचा, एकोणपन्नास हजारांचा. म्हणजे मामाने एका दुपारात तुझ्या साठवणीतले अठरा हजार वाचवले. फोनवर हल्ली सगळेच पुटपुटतात, तूसुद्धा, म्हणून हे पत्र.

प्लास्टिकचा म्हणून तोंड पाडू नकोस. शाळाशाळांतून पोरांचे कान तपासत हिंडणारीला हलकाच बरा. आणि मी काय आज बाजारात आलोय? तीस वर्षं ग्रिल आणि दरवाजे बनवतोय गं. माल ठोकला की भरीव की पोकळ ते माझा कान सांगतो. त्या झाकणाची बिजागरी कानाशी धरून उघडली, मिटली, परत उघडली. लोण्यासारखी. जी बिजागरी वाजत नाही ती जन्मभर जाते, हे माझ्याकडून लिहून घे.

संस्थेत कायम झालीस की पेढे तुझ्या पगाराचे हवेत, तुझ्या आईच्या, मालनताईच्या डब्यातले नकोत.

रुसवा जाऊ दे, लोभ राहू दे.
तुझा रतनमामा


दहिसर,
३ ऑगस्ट २०२५

ती. मामास,
सप्रेम जय भीम.

मी मजेत, आई मजेत. लॅपटॉप हलका आहे, खांदा दुखत नाही, एवढं तुझं खरं. पहिलीतला एक मुलगा हेडफोन लावून गप्प बसून होता. आवाज आला की हात वर करायचा, एवढंच काम. हा करेना. नंतर कळलं, हात वर केला की बाई प्रश्न विचारतात अशी त्याला भीती. त्याचे कान तुझ्याइतकेच तिखट निघाले.

एक छोटं काम होतं. गाळ्यात पट्टी वाकवून, पुस्तक टेकवायला असते तशी घोडी करून मिळेल का? स्क्रीन मागून टेकवायला. घाई नाही. सध्या मी ऑफिसातच असते, शाळांवर माझ्या जागी आमच्यातला केतन जातो. आईला यातलं काही विचारू नकोस, ती वाढवून सांगते.

आहे तशीच माया ठेव.
तुझी उत्तरा


कांजूरमार्ग,
१० ऑगस्ट २०२५

चि. उत्तरा हिस,
सप्रेम जय भीम.

घोडी करायला घेतली आणि हात थांबला. ज्याला मागून टेकू लागतो त्याचं काय झालंय, हे मला कुणी सांगावं लागत नाही. विचारू नकोस म्हणालीस म्हणूनच ताईला विचारलं.

तिने सगळं सांगितलं. भरल्या वर्गात चाचणी चालू असताना बिजागरी तुटली, पडदा मागे लोंबला, पोरं खिदळली, तपासणी तिथेच बंद पडली. संस्थेच्या मॅडमनी तुझं कायम होणं पुढे ढकललं. आणि तू त्यांना सांगितलंस, 'माझ्याच हातून पडला'. तू माझ्या नावाने बोटं मोडली असतीस तर एक वेळ जेवण गेलं असतं.

अठरा हजार वाचवले हे मी अख्ख्या गाळ्याला ऐकवलं होतं. आता जो येतो तो विचारतो, भाचीचा लॅपटॉप कसा चाललाय. मी झकास म्हणतो आणि ग्राइंडर चालू करतो. खरी किंमत एकतीस हजार नव्हती गं. त्यात तुझी नोकरी धरायची राहिली.

धातूचाच घे, पैसे माझे. एक मात्र कळत नाही. बिजागरीत खोट असती तर ती वाजली असती, आणि वाजली असती तर मी ऐकलं नसतं का?

तोंड दाखवायला जागा ठेव.
रतनमामा


दहिसर,
१७ ऑगस्ट २०२५

ती. मामास,
सप्रेम जय भीम.

मामा, ती वाजत होती. दुकानात पहिल्यांदा उघडलीस तेव्हापासून. आईनेही ऐकली. आम्हाला वाटलं, भाव पाडायला ते शेवटी काढशील, म्हणून आधी न ऐकल्यासारखं करतोयस. मग तू 'लोण्यासारखी' म्हणालास, दुकानदार खाली बघून हसला, आणि त्याच्यासमोर तुला खोटं पाडवेना. दिवसभर मी पोरांना सांगते, ऐकू आलं की हात वर करा. माझाच हात वर गेला नाही. तेव्हा सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस, निम्मं माझं आहे.

तपासणीला सांताक्रूझच्या शाळा मिळाल्या तर मॅडम मला कायम करायचा परत विचार करतील. लॅपटॉप घेईन, पण अट आहे. येत्या रविवारी ये आणि माझ्यासमोर हेडफोन लावून बस. फोनवर कुणी पुटपुटत नाही, मामा.

रागावलास तरी ये.
तुझी उत्तरा


कांजूरमार्ग,
७ सप्टेंबर २०२५

चि. उत्तरा हिस,
सप्रेम जय भीम.

नवा लॅपटॉप आला, सांताक्रूझच्या शाळा मिळाल्या, हे ताईने फोनवर ओरडून सांगितलं. आता ती ओरडते तेच बरं पडतं. या वेळी तू एकटी गेलीस, स्वतःच्या कानाने घेतलास, छान केलंस.

त्या रविवारी तू म्हणालीस, दोन्ही कानांना बारीक आवाज पोचत नाहीत, ग्राइंडरने खाल्ले. मी मान हलवली, पण मनात म्हटलं, पोर नवी आहे, मशीनही उसनं आहे.

म्हणून काल परत त्याच दुकानात गेलो, कुणाला न सांगता. मांडलेले सगळे लॅपटॉप उघडले, मिटले. महागातले, स्वस्तातले, शेवटी दुरुस्तीला आलेला एक, ज्याचं झाकण हातात यायचंच बाकी होतं. प्रत्येकाला कान लावला.

एकही वाजला नाही.

रतनमामा